रणजी करंडक स्पर्धेची रचना: साखळी, बाद फेरी आणि पहिल्या डावातील आघाडी

कोणत्याही क्रीडास्पर्धेचे वेळापत्रक ही वरवर पाहता केवळ व्यवस्थेची बाब वाटते. परंतु कोणत्या संघास किती संधी मिळावी आणि कोणत्या निकषावर त्यास श्रेष्ठ ठरवावे, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या वेळापत्रकातच दडलेली असतात. या दृष्टीने रणजी करंडक स्पर्धेचा आणि तीतील विदर्भ संघाच्या वाटचालीचा विचार उद्बोधक ठरेल.

१९३४-३५ साली ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा ती संपूर्णतः बाद पद्धतीची होती. एक पराभव झाला की त्या संघाचा हंगाम संपे. बाद पद्धतीचे गणित सोपे आहे: प्रत्येक सामन्यात एक संघ गळतो, म्हणून आठ संघांतून विजेता निवडण्यास सात सामने पुरतात. ही काटकसर मोठी खरी, पण तिची किंमतही तशीच आहे. एका वाईट दिवसाची भरपाई करण्यास तीत वाव नसतो. हा दोष ध्यानात घेऊन १९५७-५८ पासून प्रत्येक विभागात साखळी सामने सुरू करण्यात आले. विदर्भाचा संघ याच वर्षी स्पर्धेत उतरला, हा योगायोग लक्षणीय होय.

तथापि विभागातून केवळ अव्वल संघच पुढे जात असल्याने विदर्भाची वाट अरुंदच राहिली. ज्या मध्य विभागात त्याचा समावेश होता, त्यातील राजस्थानने १९६०-६१ ते १९६३-६४ अशी सलग चार वर्षे अंतिम फेरी गाठली आणि चारही वेळा मुंबईकडून हार पत्करली. १९७०-७१ पासून प्रत्येक विभागातील दोन आणि १९९२-९३ पासून तीन संघांना बाद फेरीत प्रवेश मिळू लागला. पुढे २००२-०३ मध्ये विभागीय रचनाच रद्द होऊन एलिट आणि प्लेट असे गुणवत्तेवर आधारलेले गट अस्तित्वात आले. भूगोलाऐवजी कामगिरी हा वर्गीकरणाचा आधार झाला, हे या बदलाचे मर्म होय.

२०१७-१८ मध्ये २८ संघांचे सात-सात संघांचे चार गट करण्यात आले व प्रत्येक गटातील दोन संघ उपांत्यपूर्व फेरीस पात्र ठरले. त्याच वर्षी फैज फजलच्या नेतृत्वाखाली विदर्भाने उपांत्य सामन्यात कर्नाटकावर अवघ्या ५ धावांनी मात केली आणि इंदूर येथे दिल्लीला ९ गड्यांनी हरवून प्रथमच करंडक जिंकला. पुढील वर्षी जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्रास ७८ धावांनी नमवून त्याने तो राखला.

२०२४-२५ च्या हंगामाची मांडणी अशी होती: एलिट विभागात ३२ संघ, आठ-आठ संघांचे चार गट, प्रत्येक संघास चार दिवसांचे सात साखळी सामने. पहिल्या पाच फेऱ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरकून मध्यंतरी मर्यादित षटकांच्या स्पर्धा घेण्यात आल्या व उरलेल्या दोन फेऱ्या जानेवारीच्या अखेरीस झाल्या. निर्णायक विजयास ६ गुण. डावाने किंवा १० गड्यांनी विजय मिळाल्यास आणखी एक. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्यास ३ आणि प्रतिपक्षास १ गुण. फेब्रुवारीत सुरू झालेल्या बाद फेरीतील सामने मात्र पाच दिवसांचे होते.

येथेच खरा प्रश्न उद्भवतो. बाद फेरीत गुण वाटून घेता येत नाहीत. कोणी तरी एक पुढे गेलाच पाहिजे. म्हणून अनिर्णित सामन्यात पहिल्या डावातील आघाडी हाच निर्णय मानला जातो. त्या हंगामात केरळने जम्मू-काश्मीरविरुद्ध २८० धावांना २८१ असे उत्तर दिले, तर गुजरातविरुद्ध प्रथम ४५७ धावा करून त्यास ४५५ धावांत रोखले. म्हणजे एक आणि दोन धावांच्या आघाडीवर तो संघ अंतिम फेरीत पोहोचला. जामठा येथील अंतिम सामन्यात विदर्भाने ३७९ धावा केल्या आणि केरळचा डाव ३४२ धावांत संपला. ज्या नियमाने केरळला तारले, त्याच नियमाने ३७ धावांच्या फरकाने त्याचा करंडक हिरावून घेतला. आघाडी मिळाल्यावर विदर्भास डाव घोषित करण्याचे कारण उरले नाही. २ मार्च २०२५ रोजी ९ बाद ३७५ धावा असताना खेळ थांबला व विदर्भ तिसऱ्यांदा विजेता ठरला. विदर्भाने नियमाचा लाभ घेतला यात गैर काही नाही. परंतु आघाडी मिळताच काळ हा एका पक्षाचा मित्र होतो, हा या नियमाचा अंगभूत परिणाम आहे.

याला पर्याय नाहीत असे नाही. १९४८-४९ साली पुणे येथे मुंबई व महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना सात दिवस चालला. त्यात एकूण २,३७६ धावा झाल्या आणि मुंबईने ३५४ धावांनी निर्णायक विजय मिळविला. निकाल लागला, पण असा सामना प्रत्येक फेरीत ठेवल्यास हंगाम वर्षभरही पुरणार नाही. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बर्फावरील हॉकीत याहून निराळा मार्ग दिसतो. तेथे १६ संघ बाद फेरीत उतरतात व प्रत्येक जोडीत सातपैकी चार सामने जिंकणारा पुढे जातो. बरोबरी झाल्यास गोल होईपर्यंत खेळ चालूच राहतो. दैवाचा वाटा त्यामुळे कमी होतो, परंतु सामन्यांची संख्या ६० ते १०५ पर्यंत जाते. तासाभराच्या खेळास हे परवडते; पाच दिवसांच्या खेळास परवडणारे नाही.

सारांश, पहिल्या डावातील आघाडी ही श्रेष्ठत्वाची सिद्धता नसून उपलब्ध वेळेशी केलेली तडजोड आहे. या तडजोडीस न्याय्यता येते ती तिच्या आधीच्या साखळीमुळे. सात सामन्यांत आपली पात्रता सिद्ध करूनच संघ बाद फेरीत येतो, आणि २०२४-२५ मध्ये विदर्भ आपल्या गटात अव्वल होता. त्याने उपांत्यपूर्व फेरीत तामिळनाडूस १९८ आणि उपांत्य फेरीत मुंबईस ८० धावांनी निर्णायकपणे हरविले होते. म्हणून विजेत्याचे मूल्यमापन करताना केवळ अंतिम सामन्याचा निकाल न पाहता संपूर्ण हंगामाची रचना विचारात घेणे अगत्याचे आहे.