विळी, सुरी आणि आई

गेल्या वर्षी आई (आमच्यापैकी एकाची आई, एकीच्या सासूबाई) तीन महिन्यांसाठी कोबेला आल्या. सामानात गोडा मसाला, लोणचं आणि जुन्या साडीत गुंडाळलेली घडीची विळी. चार दिवस विळी छान चालली. पाचव्या दिवशी मेथी चिरून झाली आणि आईंना जमिनीवरून उठताच येईना. गुडघ्यांनी साफ नाही म्हटलं. मग ओट्याशी उभं राहून आमची सुपरमार्केटातली सुरी त्यांनी टोमॅटोवर चालवली. टोमॅटोचा झाला लगदा. "ही सुरी आहे की चमचा?" एवढंच म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघरात यायचंच टाळू लागल्या. ज्या बाईनं चाळीस वर्षं घराला रांधून घातलं, ती टीव्हीसमोर गप्प बसलेली आम्हांला बघवेना.

तेव्हा ठरलं, आईंना चांगली सुरी घ्यायची. मंडळी, आम्ही इतकी वर्षं कोबेत राहतो, पण याच ह्योगो प्रांतातलं मिकी हे लोहारांचं गाव आहे हे आम्हांला तेव्हा कळलं! १५८० साली हिदेयोशीनं मिकीचा किल्ला घेतला, पडलेलं गाव पुन्हा उभारायला सुतार-लोहार गोळा झाले, आणि तेव्हापासून तिथे करवती, रंधे, पटाशा बनतात. स्वयंपाकाच्या सुऱ्यांसाठी मात्र जायचं ते ओसाकाच्या दक्षिणेला, साकाईला. सान्नोमियाहून नाम्बापर्यंत हानशिनची गाडी, पुढे नानकाई. पोर्तुगीजांबरोबर तंबाखू जपानात आला, तो कापायच्या सुऱ्यांनी साकाईचं नाव झालं. तिथे अजूनही घडवणारा एक, धार काढणारा दुसरा आणि मूठ बसवणारा तिसरा असतो.

दुकानातल्या आजोबांनी किंमत सांगण्याआधी तीन प्रश्न विचारले. कोणता हात? काय कापता? धार कोण लावणार?

पहिला प्रश्न महत्त्वाचा, कारण मासे कापायच्या 'देबा' आणि साशिमीच्या 'यानागिबा'ला एकाच बाजूनं उतार असतो. डावखुऱ्या माणसाला ती वेगळी घ्यावी लागते. आपल्या घरात या दोन्ही सहसा लागत नाहीत. 'सान्तोकु' म्हणजे तीन गुणांची, मांस-मासे-भाजी सगळ्याला चालणारी. पातं साधारण १६५ ते १८० मिलिमीटर. 'नाकिरी' आयताकृती, फक्त भाजीची. कोबेतली कोबी तिनं अशी चिरली जाते की बघत राहावं! दोन्हींना दोन्ही बाजूंनी धार, त्यामुळे हात कोणताही असो. आमचं मत विचाराल तर पहिली सुरी सान्तोकुच घ्या. लांब पातं पाहून भुलू नका, आपले ओटे लहान.

दुसरा मुद्दा पोलादाचा. साधं पोलाद ('हागाने') फार तीक्ष्ण होतं, पण ओलं ठेवलं की गंजतं, लिंबू-टोमॅटोनं काळं पडतं. स्टेनलेसला ही भीती कमी. आम्ही स्टेनलेसकडे वळलो तशा आई मराठीतच म्हणाल्या, "अरे, माझी विळी तरी कुठे स्टीलची आहे? चिरलं की पुसायची." खरंच की! मग साध्या पोलादाचीच घेतली, होओच्या लाकडाची हलकी मूठ असलेली. ज्यांच्या घरी भांडी रात्रभर सिंकमध्ये पडून असतात त्यांनी मात्र स्टेनलेसच घ्यावं, यात कमीपणा नाही.

आजोबांनी आईंचं मनगट धरून दाखवलं: दाबायचं नाही, सरकवायचं. विळीवर पातं स्थिर आणि भाजी पुढे जाते, इथे भाजी स्थिर आणि पातं जातं, एवढाच काय तो फरक. आईंना दोन दिवसांत जमलं. आम्हांला मात्र नाही. आईंच्या अपरोक्ष गोठलेलं खोबरं त्याच सुरीनं फोडायला गेलो आणि धारेचा कपचा उडाला. पोलाद जितकं कडक तितकं ठिसूळ. हाडं, गोठलेले पदार्थ, नारळ यांना ही सुरी लावायची नाही, आणि काचेच्या पाटावर तर मुळीच नाही. आई बोलल्या नाहीत, फक्त विळीकडे बोट दाखवलं.

मग आला दगड. हजार नंबरचा दगड पाण्यात भिजवायचा, पातं दगडाला साधारण पंधरा अंशांवर टेकवायचं, आणि दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत घासायचं. नंतर दुसरी बाजू. कपचा जायला आम्हांला तीन रविवार लागले. चाकाची यंत्रं या सुऱ्यांना लावू नयेत.

परत जाताना आईंनी सुरी चेक-इनच्या बॅगेत नेली आणि विळी इथेच ठेवली, आमच्या खोबऱ्यासाठी. आता दर रविवारी पुण्याहून फोन येतो. पहिला प्रश्न नातवंडांचा, दुसरा दगडाचा: "किती वेळ भिजवायचा म्हणाला होतास रे?"