कल्याणची शांबरिक खरोलिका : दीपकलेची एक विसरलेली कथा

बलिप्रतिपदेच्या दिवशी पाटावर रंगांनी बळीराजाची आकृती काढून तिचे पूजन करण्याची चाल आपल्या अनेक घरांतून आजही पाळली जाते. ज्या बळीची ही पूजा, त्याचीच कथा चित्रांतून सांगण्याचा प्रघात आपल्या देशात फार जुना आहे. पतंजलीने आपल्या महाभाष्यात कंसवध आणि बलिबंध या दोन कथांचा दाखला दिला आहे. कोणी त्या अभिनयाने, कोणी चित्रांनी, तर कोणी केवळ शब्दांनी लोकांपुढे उभ्या करतो, असे तो सांगतो. मुद्राराक्षस नाटकातील चाणक्याचा हेरही यमपट दाखवीत घरोघर हिंडतो. आपल्या सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने तर चित्रकथीची परंपरा आजवर जिवंत ठेवली आहे. चित्र एकीकडे, कथेकरी दुसरीकडे, मध्ये वाद्यांची साथ आणि समोर श्रोतृवृंद, असे तिचे रूप.

या परंपरेत दिव्याची भर घातली ती ठाणे जिल्ह्यातील कल्याणच्या एका गृहस्थाने. त्यांचे नाव महादेव गोपाळ पटवर्धन. विलायतेत ‘मॅजिक लँटर्न’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या यंत्राची ओळख झाल्यावर त्यांनी व त्यांचे स्नेही मदनराव पितळे यांनी त्याचा ध्यास घेतला. पुढे पटवर्धनांनी आपल्या पुत्रांना हाताशी धरून १८९२ मध्ये या दीपाचे जाहीर खेळ सुरू केले. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली ती ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे चित्रपटाचे पाऊल या भूमीवर पडण्याच्या चार वर्षे आधी कल्याणकर मंडळी पडद्यावर देवादिकांना हालताना पाहत होती. चित्रपटाच्या इतिहासात ही गोष्ट बहुधा एखाद्या ओळीत उरकली जाते, याचा आम्हांस खेद वाटतो.

पटवर्धनांनी आपल्या खेळाला नाव दिले ‘शांबरिक खरोलिका’. विलायती यंत्राला विलायती नाव न ठेवता त्यांनी थेट पुराणाकडे धाव घेतली. शंबरासुर हा मायावी विद्येत निष्णात. त्याने रुक्मिणीच्या कुशीतून आलेल्या प्रद्युम्नाला सूतिकागृहातूनच पळवून समुद्रात टाकले. त्या अर्भकाला मत्स्याने गिळले, तो मत्स्य शंबराच्याच पाकशाळेत आला आणि तेथे मायावतीने त्या बालकाचे संगोपन केले. मोठा झाल्यावर तिच्याकडूनच महामाया विद्या शिकून प्रद्युम्नाने शंबराचा वध केला. भागवताच्या दशम स्कंधातील ही कथा वाचकांना ठाऊक असेलच. शंबराची म्हणून माया ती ‘शांबरी’. असुराची विद्या कृष्णपुत्राच्या हाती आली की तीच धर्मकार्याला लागते. परक्यांच्या यंत्रावर रामकथा दाखविणाऱ्या माणसाला याहून समर्पक नाव सुचले नसते.

आता ही माया घडत कशी असे, ते पाहू. बंद पेटीत प्रखर दिवा ठेवायचा, त्याच्यापुढे चित्र काढलेली काच सरकवायची आणि भिंगातून जाणारा प्रकाश पांढऱ्या पडद्यावर टाकायचा, एवढे त्याचे मूळ तत्त्व. परंतु काचेवर चित्र काढणे हे कागदावर काढण्यासारखे नव्हे. प्रकाश आरपार जाईल असेच पारदर्शक रंग तेथे चालतात. दाट रंग लावला तर पडद्यावर केवळ काळा डाग उमटतो. तळहाताएवढ्या काचेवरचे चित्र पडद्यावर पुरुषभर उंच होते. तेव्हा कुंचल्याचा केसभर ढळलेला फराटाही तेथे बोटभर होऊन दिसावयाचा. सीतेच्या डोळ्यांतील भाव अशा काचेवर उतरविणाऱ्याला किती सोसावे लागले असेल, याची कल्पना कोणत्याही रांगोळी काढणाऱ्या गृहिणीला सहज येईल.

खरी कसोटी चित्र हलविण्याची. त्यासाठी एकाच प्रसंगाच्या अनेक काचा रंगवाव्या लागत. पहिल्या काचेत हात खाली, दुसरीत किंचित वर, तिसरीत पूर्ण उचललेला, असा त्यांचा क्रम. एकापेक्षा अधिक दीप एकाच पडद्यावर रोखलेले असत. एकातून अरण्य वा राजवाडा पडे, तर दुसऱ्यातून पात्र. पात्राच्या भोवतालची काच काळी केलेली असल्यामुळे ते जणू त्या अरण्यातच उभे आहे असे वाटे. मग एका दिव्याचा प्रकाश झाकीत, दुसऱ्याचा उघडीत, काचा झरझर बदलीत पात्रात चैतन्य आणायचे. आज चित्रकार कित्येक चित्रे काढून ती यंत्राच्या स्वाधीन करतो. पटवर्धनांना ते भाग्य नव्हते. प्रत्येक खेळात प्रत्येक हालचाल त्यांना हातांनी पुन्हा करावी लागे, तीही काळोखात आणि तापलेल्या दिव्यांच्या सान्निध्यात.

पडद्याच्या अलीकडचा संसारही तितकाच मोठा होता. निवेदन, संवाद आणि संगीत यांच्या साथीने खेळ रंगे. कथाभाग बहुतांशी रामायण-महाभारतातले असत. त्यांच्या जोडीला सर्कशीतल्या कसरतींची चित्रेही असत, आणि बालगोपाळ त्यांचीच वाट पाहत बसत असतील, याविषयी आम्हांस शंका नाही! शब्द आणि चित्र यांची गाठ तेथल्या तेथे पडायची. निवेदकाचा आवाज लांबला तर काच थांबवायची, प्रेक्षकांनी जयघोष केला तर तो ओसरेपर्यंत रामाला धनुष्य उचलू द्यायचे नाही. कीर्तनकार श्रोत्यांचा कल पाहून आख्यान आखडतो वा फुलवितो, तद्वत हे काम होते. आमच्या मते पटवर्धनांना चित्रपटाचे पूर्वज म्हणण्यापेक्षा कीर्तनकारांचे वंशज म्हणणे अधिक यथार्थ होईल.

दिव्याच्या झोतात उमटलेल्या देवाला नमस्कार करावा काय, असा प्रश्न त्या काळच्या कोणा श्रद्धाळूच्या मनात आला असेल, तर त्यात नवल नाही. पण आपल्या धर्माला क्षणिक मूर्तीचे वावडे कधीच नव्हते. पार्थिव गणेशाचे आपण आवाहन करतो आणि दीड दिवसात विसर्जनही करतो. बळीची रंगीत आकृती दुसऱ्या दिवशी पुसली जाते. येथे तर काच बदलताच विसर्जन, इतकाच काय तो फरक.

हा खेळ घेऊन पटवर्धन मंडळी साधारणतः १९१८ पर्यंत देशभर फिरत राहिली. याबाबतीत कल्याणचे स्थानमाहात्म्य मोठे. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आलेली आगगाडी १८५४ मध्ये कल्याणला पोचली. पुढे १८६३ मध्ये बोरघाट व १८६५ मध्ये थळघाट ओलांडून लोहमार्ग पुण्याकडे आणि नाशिककडे गेले. दक्षिणेची वाट एकीकडे, उत्तरेची दुसरीकडे, आणि दोन्हींच्या तोंडाशी हे गाव. फिरतीच्या कलावंताला याहून सोयीचे बिऱ्हाड कोणते? पण आगगाडीतून उतरल्यावर पुढे बैलगाडीचे खाचखळगे असत आणि सामान म्हणजे सगळी काच! नाटक मंडळीचा मुकुट मोडला तर पुठ्ठ्याने सांधता येतो. येथे एक काच तडकली की हनुमंताची उडी अर्ध्यावर राहायची.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि हळूहळू कंदिलाचे तेज मंदावले. फाळके यांनी तेच रामकृष्ण पडद्यावर आणले, आगकाड्या एकेक सरकवून त्यांची मौजही चित्रित केली. त्यांच्या थोरवीला यत्किंचितही उणेपणा न आणता एवढेच म्हणावेसे वाटते की, फीत आल्यावर चित्राला सोबतीची गरज उरली नाही. एकच फीत शंभर गावी जाऊ लागली. प्रेक्षक रडोत वा हसोत, ती आपल्या गतीनेच फिरणार. जयघोषासाठी थांबणारा तो काळोखातला हात मात्र कायमचा बाजूला झाला.

सुदैवाने पटवर्धनांच्या काही काचा काळाच्या तडाख्यातून बचावल्या आहेत. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर गणेशमंदिराच्या परिसरात तरुणाईचा मेळा भरतो. ठाण्यात, कल्याणात सुरेल मैफली होतात. त्या प्रत्येकाच्या खिशात हलत्या चित्रांचे यंत्र असतेच. याच सणात एखाद्या रात्री कल्याणातील एखाद्या पटांगणात विजेचे दिवे मालवून, या काचांच्या प्रतिकृती निवेदक आणि पेटी-तबल्याच्या साथीने दाखविता येणार नाहीत काय? उत्सव मंडळांनी मनावर घेतले तर हे काम फार खर्चाचे नाही.

तोवर घरच्या घरी एक गंमत करून पाहावी. एका छोट्या काचेवर पारदर्शक रंगांनी वामनाचे चित्र काढावे, कडांना चिकटपट्टी लावावी. खोलीत अंधार करून काचेच्या मागे विजेरी धरावी, पुढे वाचनाचे भिंग धरून ते मागेपुढे करावे आणि भिंतीवर चित्र स्पष्ट उमटेपर्यंत धीर धरावा. भिंग आणि काच यांच्यातील अंतर हलकेच कमी करीत, तीच विजेरी-भिंगाची जोडी भिंतीपासून मागे नेली की बटू वाढत वाढत आढ्याला टेकतो. बलिबंधाची कथा आजीने सांगावी. काच उलटी धरावी लागते, हे मात्र मुलांना आधी सांगू नये.