सिरी फोर्ट: पदकं मिळाली, झाडं गेली

बॅडमिंटनवेड्यांना दिल्लीचं सिरी फोर्ट क्रीडासंकुल आठवतं ते १४ ऑक्टोबर २०१० मुळे. सायना नेहवालचं राष्ट्रकुल सुवर्ण आणि ज्वाला-अश्विनीचं दुहेरीचं सुवर्ण, दोन्ही इथलीच!

पण संकुलातल्या या बॅडमिंटन सभागृहाला आजूबाजूच्या रहिवाशांचा कडाडून विरोध होता, हे किती जणांना माहीत आहे? संकुल दिल्ली विकास प्राधिकरणाचं. बॅडमिंटन आणि स्क्वॉशच्या नव्या इमारतींसाठी शेकडो झाडं तोडली गेली. शेजारीच अल्लाउद्दीन खिलजीच्या सिरी शहराची तटबंदी. खेळाला ना नव्हती हो, प्रश्न जागेचा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पाहणीसाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. तोवर बांधकाम बरंच वर आलेलं. २००९ मध्ये ते पुढे न्यायला परवानगी मिळाली.

सभागृह झकास आहे, वाद नाही. बंदिस्त, बाहेरच्या वाऱ्याची झुळूक नाही. तरी माझ्या मते रहिवाशांचंच बरोबर होतं: विचारायचं ते कुऱ्हाड पडण्याआधी.

तुमच्या भागातल्या क्रीडासंकुलाच्या नूतनीकरणाचा फलक लागला, तर आधी आराखडा मागा. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.