टायर दगडासारखा, काटा तरी आत

"दादा, हवा एकदम टाइट मारलीय. आता काटा घुसतच नाही बघा."

रविवारी पहाटे आमचा धाराशिवचा ग्रुप हातलादेवीच्या डोंगराकडे निघतो, तेव्हा कुणी ना कुणी नवा गडी हे बोलतोच. बोलता बोलता अंगठ्यानं टायर दाबून दाखवतो. टायर खरोखरच दगडासारखा लागतो. परवा आम्ही बारा जण होतो, त्यात असाच एक गडी. डांबरी रस्ता सुटून मुरमाची वाट लागली आणि दोन किलोमीटरच्या आत त्याच्याच टायरमधून फुस्स असा आवाज आला. एक पंक्चर, बारा सायकली आडव्या, पाऊण तास गेला आणि ऊन डोक्यावर आलं. ट्यूब बदलून झाल्यावर तो पुन्हा जीव खाऊन पंप मारू लागला आणि म्हणाला, "मघाशी हवा जरा कमीच पडली असंल." हे ऐकलं की माझा संयम संपतो. हा समज नुसता चुकीचा असता तर सोडून दिला असता, पण त्यानं माणसं पडतात आणि बारा जणांची सकाळ वाया जाते. म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी हवा टायरमध्ये आली कशासाठी, ते पाहू. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरानं आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचा टायर बसवला. भरीव रबराच्या चाकांवरून दगडी रस्त्यानं जाताना पोराला हादरे बसत होते, ते कमी करायचे होते. पुढच्याच वर्षी विली ह्यूम हा सायकलपटू असे टायर लावून बेलफास्टच्या शर्यतीत उतरला आणि भरीव टायरवाल्यांना मागे टाकून जिंकला. म्हणजे टायरमध्ये हवा आली ती चाक मऊ करायला. ती इतकी ठासायची की चाक पुन्हा भरीव रबरासारखं व्हावं, यात काय साधलं?

आता साधा हिशेब. सत्तर किलोचा माणूस आणि पंधरा किलोची सायकल, मिळून ८५ किलो. हे सगळं वजन टायर जिथं जमिनीला टेकतो त्या दोन ठिपक्यांवर असतं. ठिपका केवढा, हे हवेचा दाब ठरवतो. ६० पीएसआय हवा असेल तर दोन्ही चाकं मिळून साधारण २० चौरस सेंटीमीटर रबर जमिनीला लागतं, म्हणजे जवळपास एक काडेपेटी. ३० पीएसआय असेल तर ४० चौरस सेंटीमीटर, म्हणजे दोन काडेपेट्या. सैल मुरमाच्या उतारावर, वळणावर आणि ब्रेक दाबताना तुमचा जीव या काडेपेट्यांवर असतो. तिथं दोनाच्या जागी एकच ठेवायची?

"पण घट्ट टायर हलका पळतो ना?" डांबरी रस्त्यावर पळतो, आणि ही समजूत आली तिथूनच. दुधाची किटली आणि गवताचा भारा वाहणारी जुनी काळी सायकल डांबरावर घट्ट हवेवरच चांगली चालायची. तिच्या वॉल्व्हवर दाब मोजायची सोय नसल्यातच जमा, त्यामुळे दुकानदाराचा अंगठा हेच माप होतं. दुकानदाराचं त्या सायकलीपुरतं बरोबरच होतं. पण दगडगोट्यांच्या वाटेवर हिशेब उलटतो. घट्ट टायर प्रत्येक खड्यावर उसळतो आणि दर वेळी सायकलीसकट माणसाला वर उचलतो. ती ताकद जाते तुमच्याच पायांतून. मऊ टायर खडा स्वतःत दाबून घेतो आणि पुढे सरकतो. जर्मनीतल्या कोलोनच्या क्रीडा विद्यापीठात माउंटन बाईकचे टायर प्रत्यक्ष रस्त्यावर, खडीवर आणि गवतावर चालवून तपासले गेले, तेव्हाही हेच निघालं: डांबर सुटलं की रुंद टायर कमी हवेवर जास्त हलका चालतो. ज्याला ऐकून पटत नाही त्यानं एकच चढ आधी ५० आणि मग ३० पीएसआयवर चढून बघावा. मांड्याच उत्तर देतील.

राहिला काटा. आपल्या भागात बाभळीचा, वेड्या बाभळीचा काटा आहेच, पण खरा वैरी सराटा. काढ्यातलं गोखरू म्हणतात ते हेच. पावसाळ्यात जमिनीला चिकटून पसरणारं, पिवळ्या बारीक फुलांचं हे झाड. दसऱ्याच्या सुमारास फळ वाळतं, त्याचे पाच तुकडे होतात, आणि तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर तोंड करून उभाच राहतो. नवरात्रात तुळजापूरला अनवाणी चालत जाणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. टायरच्या गुट्ट्यांच्या मधलं रबर जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाड असतं. सराटा त्यातून आरपार जातो आणि आत हवा किती आहे हे विचारत बसत नाही. उलट घट्ट टायर काट्यावर जास्त जोरानं दाबला जातो, मऊ टायर थोडा तरी वाकून वाट देतो. काट्यावरचा खरा उपाय म्हणजे ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट. हा द्रव छोटं भोक जागच्या जागी बुजवतो. तोही माफक दाबावर नीट काम करतो, कारण दाब फार असला की द्रव भोकातून बाहेर फेकला जातो.

मग हवा वाटेल तेवढी कमी करायची का? नाही. ट्यूबवाल्या टायरमध्ये हवा फारच कमी असली तर दगडावर आपटताना ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. म्हणून पंक्चर काढताना भोकं मोजा. एकच बारीक भोक असेल तर काटा, जोडीनं असतील तर हवा कमी. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हळूच बोट फिरवा. तुटलेलं टोक आत राहिलं तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत बसते. सत्तर किलोच्या माणसानं सव्वादोन इंची ट्यूबवाल्या टायरला मागे २८ ते ३२ आणि पुढे दोन-तीन पीएसआय कमी, इथून सुरुवात करावी आणि मग आपल्या वजनाप्रमाणे बदल करावा. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरा, असा त्याचा अर्थ नाही.

आता बाकीचे समज, थोडक्यात.

"उन्हात हवा तापून टायर फुटतो." वीस अंशांवरून चाळीस अंशांवर गेल्यावर ३० पीएसआयच्या टायरमध्ये वाढ होते ती फक्त तीनेक पीएसआयची. भीती असलीच तर ती आधीच कमाल मर्यादेपर्यंत ठासलेल्या टायरला.

"पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटतो." थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याची जास्त ताकद तिथंच असते. माणूस उलटतो तो ब्रेक एकदम आवळल्यानं आणि अंग पुढे झुकल्यानं. उतारावर अंग मागे घ्या, दोन्ही ब्रेक एकेका बोटानं हळूहळू दाबा.

"सीट खाली असली की सुरक्षित, आणि सायकलनं गुडघे झिजतात." यातला पहिला समज पाळणाऱ्यांचेच गुडघे दुखतात. सीट खाली असली की गुडघा प्रत्येक फेरीत फार वाकलेला राहतो आणि वाटीवर ताण येतो. पॅडल तळाशी असताना पाय जवळपास सरळ व्हायला हवा. फक्त कठीण उतारावर सीट खाली घ्यावी.

"माउंटन बाईक चिखलासाठीच असते." आपल्या काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर एकदा जाऊन बघा. ही माती पाणी पिऊन फुगते, चाकाला थरावर थर चढतात आणि शेवटी सायकल खांद्यावर घ्यावी लागते. शिवाय तुमच्या चाकोऱ्या पाणंदीत वाळून तशाच राहतात आणि त्यातून शेतकऱ्याला बैलगाडी न्यावी लागते. पावसानंतर दोन दिवस मुरमाडाच्या वाटा धरा.

"सायकलला धूर नाही, मग अभयारण्यात परवानगी कशाला?" येडशी-रामलिंग घाट हे अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं २७ वं कलम तिथला प्रवेश नियंत्रित करतं. सार्वजनिक रस्त्यानं जाणं वेगळं. आतल्या वाटांवर जायचं तर वनविभागाला विचारूनच जा.

"धाराशिवला कुठं डोंगर आहेत?" माउंटन बाईकचा हा खेळ जिथं वाढला तो कॅलिफोर्नियातला माउंट टॅमलपायस ७८४ मीटर उंच आहे. त्याच परिसरात १९७६ साली पोरांनी जुन्या, फुगीर टायरच्या सायकलींवर उतारांच्या शर्यती लावल्या. वीस वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला. उंच शिखराशिवाय हे सगळं झालं. दगड, वळण आणि चढउतार असले की पुरे. बालाघाटाच्या कडेला, धाराशिव लेण्यांच्या आसपास आणि शेळ्यांच्या पायवाटांवर ते हवे तितके आहेत.

परवा शेवटी मी त्या गड्याचा पंप हातातून घेतला, मीटर लावला आणि आकडा त्यालाच वाचायला लावला. ५८ होता. तीसवर आणला. परतीच्या उतारावर तो पहिल्यांदाच पाय न टेकवता खाली आला. आता आमचा नियम ठरला आहे. निघण्याआधी मीटर बाराही चाकांच्या जोड्यांवरून फिरतो आणि प्रत्येकजण आपला आकडा मोठ्यानं सांगतो. पाच मिनिटं लागतात. पण एकाच्या टायरमधली हवा सगळ्या ग्रुपची असते, आणि हे कळलं की अंगठ्यानं टायर दाबून दाखवायची कुणाला गरज उरत नाही.