इलेक्ट्रॉनिक सिगारेटची पडदाधारी बॅटरी : ओळख आणि दक्षता

मध्य रेल्वेवरील दिवा हे ठाणे आणि कल्याण-डोंबिवली यांच्या दरम्यानचे जंक्शन. वसई आणि पनवेल या दोन्ही दिशांचे मार्ग येथे मुख्य मार्गाला मिळतात. कामावर जाणाऱ्या आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणांची येथे दिवसभर ये-जा असते. अशा ठिकाणी नवी वस्तू आली की ती लवकर पसरते. पण ती ओळखण्याचे ज्ञान त्या वेगाने पसरत नाही. इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या, विशेषतः छोटा पडदा बसविलेल्या तिच्या बॅटरीच्या बाबतीत हे प्रकर्षाने जाणवते. शाळेच्या दप्तरात वा दुकानाच्या खणात ती प्रथम दिसली, तर शिक्षकास किंवा अधिकाऱ्यास ती सिगारेट वाटणारच नाही. कोणी तिला लेखणी समजेल, कोणी संगणकाचा पेनड्राइव्ह, तर कोणी मुलांचे खेळणे. पडद्यावरील रंगीत अंकांमुळे हा समज अधिकच दृढ होतो.

रचना आणि कार्य

या उपकरणाचे दोन मुख्य भाग असतात. वरच्या भागात द्रवाची कुपी, कापसाची वात आणि मिश्रधातूच्या तारेचे वेटोळे असते. खालचा भाग म्हणजे बॅटरी. तीत लिथियम-आयन विद्युत्घट, नियंत्रण करणारा छोटा विद्युत्फलक आणि पडदा असतो. अनेक नमुन्यांत हे दोन भाग आट्यांनी जोडता येतात आणि वेगळेही करता येतात. कळ दाबताच किंवा तोंडाने हवा ओढताच वेटोळे तापते आणि द्रवाचे सूक्ष्म तुषारांत रूपांतर होते. या द्रवात सामान्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्ये आणि बहुधा निकोटीन असते. आज प्रचलित असलेल्या उपकरणांचा आरंभ चीनमधील औषधनिर्माता होन लिक याच्या २००३ मधील शोधापासून मानला जातो.

पडद्यावर बॅटरीतील शिल्लक, व्होल्टेज, वेटोळ्याचा विद्युत्रोध आणि कधी कधी ओढलेल्या झुरक्यांची संख्या दिसते. या अंकांमागचे गणित शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकातलेच आहे. व्होल्टेजच्या वर्गास रोधाने भागले की विद्युत्शक्ती मिळते. विद्युत्घटाचे सर्वसाधारण व्होल्टेज ३.७ आणि वेटोळ्याचा रोध १.२ ओहम धरल्यास शक्ती सुमारे ११.४ वॅट येते. तेच व्होल्टेज पूर्ण भारित अवस्थेतील ४.२ इतके केले, तर ती १४.७ वॅट होते. म्हणजे अवघ्या अर्ध्या व्होल्टच्या वाढीने उष्णता सव्वापटीहून अधिक वाढते. द्रव अधिक तापला की त्याचे विघटन होऊन फॉर्मल्डिहाइडसारखे घातक पदार्थ निर्माण होण्याचा संभव वाढतो.

पडदा जे सांगत नाही

येथेच या वस्तूचा खरा धोका आहे. अंक दिसला की मोजमाप झाले, आणि मोजमाप झाले की सुरक्षितता आली, असे तरुण मनास वाटते. वस्तुतः पडदा केवळ विजेचा हिशेब देतो. कुपीत निकोटीन किती आहे, धुक्याबरोबर कोणते धातुकण फुप्फुसात जात आहेत, यांविषयी तो मौन पाळतो. निकोटीनची सवय लवकर जडते. मेंदूची वाढ वयाच्या सुमारे पंचविशीपर्यंत चालू असल्याने किशोरवयीनांना त्याचा अपाय अधिक होतो. फळांच्या वा मिठाईच्या स्वादामुळे तंबाखूच्या उग्रपणाची सूचनाही मिळत नाही.

अमेरिकेत २०१९ मध्ये अशा उपकरणांच्या वापराशी संबंधित फुप्फुसविकाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथे रुग्णालयात दाखल झालेल्या वा दगावलेल्या २,८०७ जणांची नोंद झाली. त्यांपैकी ६८ जणांच्या मृत्यूची खात्री झाली होती. यातील बहुसंख्य प्रकरणांचा संबंध गांजातील मादक द्रव्य असलेल्या कुप्यांशी आणि त्यांत मिसळलेल्या ‘ई’ जीवनसत्त्वाच्या अ‍ॅसिटेटशी आढळला. कुपीतील भेसळ पडद्यावर उमटत नाही, हा या घटनेचा धडा होय.

कायद्यातील तरतुदी

केंद्र शासनाने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर बंदी घातली आणि त्याच वर्षी संसदेने त्यासंबंधीचा कायदा संमत केला. त्यानुसार उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा आणि जाहिरात हे सर्व निषिद्ध आहे. द्रवात निकोटीन असो वा नसो, बंदी लागू होते. संपूर्ण उपकरणाप्रमाणेच त्याच्या कोणत्याही भागाचा व्यापारही निषिद्ध असल्याने, ‘ही नुसती बॅटरी आहे’ ही विक्रेत्याची सबब टिकणारी नाही. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुनरावृत्ती झाल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा आहे. साठा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. या कायद्याचा रोख व्यापारावर आहे, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. वस्तू बाळगणारा विद्यार्थी हा प्रथम सवयीच्या विळख्यात सापडलेला बालक असतो.

कचरा आणि आग

बॅटरी निकामी झाल्यावर ती ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकली जाते, हा आणखी एक धोका आहे. लिथियम-आयन विद्युत्घट चेपला किंवा भोसकला गेला, तर आतल्या आत उष्णता वाढत जाऊन तो पेट घेतो. दिव्यातील रहिवाशांनी ठाणे शहराच्या कचराभूमीचा धूर आणि दुर्गंधी वर्षानुवर्षे सोसली. ती कचराभूमी २०२३ मध्ये बंद झाली. अशा अनुभवातून गेलेल्या वस्तीला कचऱ्यातील आगीचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. निकामी बॅटरी घरगुती कचऱ्यात न मिसळता वेगळी देणे हे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ग्राहकाचे कर्तव्य आहे.

काय करावे?

शिक्षकांनी संशयित वस्तू उघडू नये, भारित करून पाहू नये. ती कोरड्या जागी, ज्वालाग्राही पदार्थांपासून दूर ठेवावी. विद्यार्थ्याची वर्गासमोर मानहानी न करता पालकांना विश्वासात घ्यावे आणि वस्तू कोठून मिळाली याची शांतपणे चौकशी करावी. विक्रेत्याची माहिती पोलीस ठाण्यास द्यावी. झडती आणि जप्ती हे अधिकृत अधिकाऱ्याचे काम आहे. सवय सोडू इच्छिणाऱ्यास १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनीवरून सल्ला मिळू शकतो. ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत, तर नगरसेवकांनी प्रभागातील सभांत या वस्तूचे चित्र दाखवून माहिती द्यावी. शाळेच्या प्रयोगशाळेत ओहमचा नियम शिकविताना वरील गणित फळ्यावर मांडले, तर विज्ञानाचा पाठ आणि आरोग्याचा पाठ एकाच तासात होईल. पडद्यावरील अंक वाचता येणे पुरेसे नाही. त्या अंकांमागे काय दडले आहे हे विचारण्याची सवय मुलांना लागली, तर बंदीच्या कायद्याला समाजाचे खरे बळ लाभेल.