चिकटता चिकटेना!

फुटलेलं प्लॅस्टिक जोडायला गोंद लागतो, हे सगळ्यांना ठाऊक. पण गोंदाच्या आधी काय लागतं? हा धडा मला नगरच्या एमआयडीसीत मिळाला. फी मात्र आमच्या आण्णांनी भरली!

सोमवार, सकाळचे अकरा. हिंजवडीतलं ऑफिस, क्लायंट कॉल रंगात आलेला. मोबाइल व्हायब्रेट झाला. आई. मी कट केला. पुन्हा आई. तिसऱ्यांदा मात्र पोटात गोळा आला. ‘‘आण्णांची पाठ भाजल्यासारखी झालीय रे. मळमळतंय म्हणतात. फवारा सांडला अंगावर.’’

कोणता फवारा? तोच, जो मी आदल्या दिवशी ‘दुरुस्त’ केला होता.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. वीकेंडला गेलो होतो. कांद्यावर फुलकिडे पडले होते आणि आण्णांच्या पाठीवरच्या पंपाची टाकी खालच्या बाजूला तडकली होती. ‘‘नवाच आणतो,’’ आण्णा म्हणाले. मी म्हटलं, ‘‘आण्णा, इंजिनीयर पोरगा कशाला शिकवलाय?’’ दोन ट्यूबवालं एपॉक्सी आणलं, झकास थर दिला, रात्रभर वाळवलं. सकाळी पाणी भरून बघितलं. थेंब गळेना! सॉल्लिड, म्हणत मी पुण्याची एसटी पकडली.

पाठीवर पंप हेंदकाळला, टाकी जरा वाकली आणि माझा थर सुटला. औषध थेट बनियनमध्ये. आईचं डोकं ताळ्यावर म्हणून बरं! तिनं तिथल्या तिथं कपडे उतरवले, साबण लावून भरपूर पाण्यानं पाठ धुतली, औषधाची बाटली बरोबर घेऊन आण्णांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक रात्र ठेवून घेतलं. आण्णा बरे झाले. मी मात्र नाही.

टिकली निघावी तसा

त्या शनिवारी टाकी स्वच्छ धुऊन, पिशवीत गुंडाळून नगर गाठलं. (कागदोपत्री 2024 पासून अहिल्यानगर, पण एसटीत तोंडातून ‘नगर’च निघतं.) याच शहरातून 1972 मध्ये कायनेटिकची लूना बाहेर पडली. नागापूरच्या एमआयडीसीत आजही गल्लीबोळात छोटी छोटी वर्कशॉप आहेत. त्यातल्या एकात गाड्यांचे प्लॅस्टिक पार्ट जोडणारे, रंगवणारे एक मामा आमच्या ओळखीचे.

मामांनी टाकीवरचा माझा थर नखानं उचलला. कपाळावरची टिकली निघावी तसा अख्खा निघाला! खाली प्लॅस्टिक चकचकीत, कोरं.

‘‘गोंद चांगलाय,’’ मामा म्हणाले. ‘‘पण तू कशाला चिकटवू ऱ्हायला, ते बघितलं का?’’

टाकीच्या बुडाशी त्रिकोणात 2 आकडा होता. म्हणजे एचडीपीई, आपल्या पॉलिथिनचाच दणकट भाऊ. मामांनी त्यावर पाण्याचा थेंब टाकला. थेंब गोल गोळी होऊन बसला. अळवावरचं पाणी!

फंडा एवढाच आहे. गोंद चिकटायचा तर आधी तो पृष्ठभागावर पसरला पाहिजे. प्रत्येक पृष्ठभागाची द्रवाला ओढून घेण्याची एक ताकद असते आणि ती ‘डाइन’मध्ये मोजतात. पॉलिथिनची साधारण 31, पॉलिप्रॉपिलीनची 30च्या आसपास, एबीएसची 40च्या घरात. एपॉक्सीला लागतात साधारण 45. म्हणजे पॉलिथिनच्या दारात एपॉक्सी उभं राहतं, आत कुणी घेत नाही.

मामांनी मग गॅसची बत्ती पेटवली. बाजूला पडलेल्या एका कोऱ्या एचडीपीई तुकड्यावरून निळ्या ज्योतीचं टोक झरकन फिरवलं. वितळलं नाही, काळं पडलं नाही. गार झाल्यावर पुन्हा थेंब टाकला, तर पाणी सपाट पसरलं! ज्योतीमुळे वरच्या थराला ऑक्सिजनचे अणू जोडले जातात आणि पृष्ठभाग द्रवाला धरू लागतो. पण हे टिकत नाही, लगेच चिकटवावं लागतं. घरी मात्र हा प्रयोग नको. आग आणि सॉल्व्हंट एका खोलीत म्हणजे झोल.

रोज सकाळी हातात येणारी दुधाची पिशवी आठवा. तीही पॉलिथिनच. तिच्यावर शाई बसते, कारण छपाईआधी त्या फिल्मवर उच्च दाबाच्या विजेचा मारा करतात. त्याला कोरोना ट्रीटमेंट म्हणतात. (व्हायरसशी संबंध नाही, घाबरू नका!)

आधी धुवा, मग घासा

‘‘मग मी पॉलिशपेपर मारायला हवा होता का?’’ मी विचारलं.

‘‘याला नुसतं घासून काही व्हत नाय. पण जे चिकटतं, त्यालाही लोक नीट तयार करत नाहीत.’’ मामांनी एबीएसचा एक साइड पॅनल घेतला आणि सगळं करून दाखवलं. वीकेंडला घरी करणार असाल तर हे कापून फ्रिजवर लावा :

आधी खूण बघा. पार्टच्या आतल्या बाजूला एबीएस, पीसी, पीव्हीसी असं काही लिहिलेलं असेल तर गोंद चालतो. त्रिकोणात 2, 4 किंवा 5 (पॉलिप्रॉपिलीन) असेल तर साधा गोंद विसरा. त्यासाठी वेगळं प्रायमर मिळतं, नाहीतर प्लॅस्टिक वेल्डिंग.

आधी धुवा, मग घासा. उलटं केलंत तर तेल आणि साच्यातून आलेलं सिलिकॉन चरांमध्ये जाऊन बसतं. भांड्याच्या साबणानं धुवा, वाळवा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं एकाच दिशेनं पुसा. प्रत्येक वेळी फडक्याची स्वच्छ बाजू.

220 ते 320 नंबरचा पेपर उभा-आडवा मारा. चकाकी गेली की बास. धूळ पुन्हा अल्कोहोलनं पुसा, पूर्ण सुकू द्या. त्यानंतर बोट लावायचं नाही! बोटाचा तेलकटपणाही नडतो.

नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. त्यातल्या अॅसिटोननं एबीएस आणि थर्माकोल विरघळतात, पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात.

गोंद कमीच लावा, पट्टीनं बांधा आणि धीर धरा. एपॉक्सी तासाभरात कडक वाटलं, तरी पुरी ताकद यायला साधारण 24 तास लागतात.

हेल्मेट आणि औषधाचा पंप या दोन गोष्टी चिकटवायच्याच नाहीत. तडकल्या की नव्या.

आण्णांना सगळं ठाऊक

नवा पंप घेऊन गावी गेलो. ओट्यावर बसून आण्णांना माझं नवं ज्ञान ऐकवायला लागलो. पॉलिथिन, डाइन, निळी ज्योत वगैरे.

आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘ठिबकच्या काळ्या लॅटरलला आपण कधी सोल्युशन लावतो का?’’

नाही लावत. लॅटरल तुटली की जॉइनर खोचतात. सोल्युशन लावतात ते पीव्हीसीच्या पाइपला, कारण ते पीव्हीसीची दोन्ही तोंडं विरघळवून एकजीव करतं. ‘‘आणि शेततळ्याचा कागद?’’ तोही एचडीपीईचा. त्याचे जोड मशीननं, उष्णतेवर मारतात. मी लहानपणापासून बघत आलोय!

‘‘मग आण्णा, तुम्ही बोलला का नाहीत त्या दिवशी?’’

‘‘तू इतक्या मन लावून करत होता,’’ आण्णा म्हणाले. ‘‘आणि म्हटलं, इंजिनीयरय, नवीन काहीतरी निघालं असंल.’’

काय बोलणार? मी उठून जुन्या टाकीला मोठं भोक पाडलं, पुन्हा कुणी वापरू नये म्हणून.

परवा घरी मिक्सरच्या झाकणाचा दांडा तुटला. गोंदाची ट्यूब काढली, झाकण उलटं केलं, खूण शोधली. मग आण्णांना फोन लावला. आधी विचारलं.