एड क्लाइंबिंग शिकायचंय? मग पायातली शिडी कशी निवडायची, ते आधी समजून घ्या

अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्यात एल कॅपिटन नावाचा ग्रॅनाइटचा कडा आहे. उंची साधारण 900 मीटर. 1958 साली वॉरन हार्डिंग, वेन मेरी आणि जॉर्ज व्हिटमोर या तिघांनी या कड्यावरचा ‘द नोज’ हा मार्ग पहिल्यांदा पूर्ण केला. हाच मार्ग साधनांवर वजन न टाकता, फक्त हातापायांच्या पकडीवर चढायला मात्र 1993 साल उजाडलं. ती कामगिरी लिन हिल यांनी केली.

मग मधली 35 वर्षं लोक तिथल्या गुळगुळीत टप्प्यांवरून वर कसे जायचे?

उत्तर आहे, एड क्लाइंबिंग. खडकात साधन बसवायचं, त्याला कापडी शिडी अडकवायची आणि त्या शिडीत उभं राहून पुढचं साधन बसवायचं. सह्याद्रीतले सुळके चढणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. आपल्याकडे त्याला आर्टिफिशियल क्लाइंबिंग म्हणतात. बेसॉल्टच्या कोऱ्या भिंतीवर मेखा आणि बोल्ट मारत जाणाऱ्या लीडरच्या पायाखाली हीच शिडी असते.

नवीन माणूस मात्र दुकानात किंवा ऑनलाइन शोधायला गेला की गोंधळतो. कारण ‘एडर’ या एकाच नावाखाली तीन-चार वेगळ्या वस्तू समोर येतात.

एडरचे प्रकार किती?

पहिला प्रकार एट्रिए. हा फ्रेंच शब्द, अर्थ घोड्याची रिकीब. एकाच वेबिंगच्या पट्टीवर एक पायरी डावीकडे, पुढची उजवीकडे अशी शिवलेली असते. वजनाला हलका, घडी करून छोटा होतो.

दुसरा प्रकार शिडीचा. दोन बाजूंना दोन पट्ट्या आणि मध्ये एकाखाली एक सरळ पायऱ्या. वरच्या टोकाला अनेकदा एक आडवी पट्टी असते. ती दोन्ही बाजू फाकवून ठेवते, त्यामुळे पायऱ्या मिटत नाहीत.

तिसरा प्रकार एकाच पायरीचा. बकल ओढून लांबी कमी-जास्त करता येते. सगळा मार्ग हातापायांवर चढायचा आहे आणि मध्ये फक्त थोडासा टप्पा साधनांवर काढायचा आहे, अशा वेळी तो सोयीचा पडतो.

नवख्यांना शिडीच का सुचवतात?

कारण सोपं आहे. पायरी सापडते.

एड क्लाइंबिंगमध्ये माणूस एकेका साधनावर बराच वेळ उभा असतो. नजर वरच्या भेगेकडे असते आणि पाय खाली चाचपडत असतो. एट्रिएमध्ये पायरी कोणत्या बाजूला आहे, हे सवयीनं कळतं. शिडीत पाय सरळ वर उचलला की पुढची पायरी तिथंच असते. शिवाय रुंद शिडीच्या एकाच पायरीत दोन्ही पाय मावतात. त्यामुळे तोल राखणं सोपं जातं आणि दमही कमी लागतो.

संख्येचा हिशोबही सुटतो. एट्रिएच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक साधनाला दोन, म्हणजे एकूण चार एट्रिए लागायचे. शिडी असेल तर एका साधनावर एक, पुढच्या साधनावर दुसरी, असं दोन शिड्यांत काम भागतं. शिकताना अंगावर जितक्या कमी गोष्टी लोंबतील तितकं बरं.

अर्थात तोटेही आहेत. शिडी जड असते, जागा जास्त खाते. जोराचा वारा असला की ती उडते, खाली खडकाच्या कपारीत अडकते. हिमालयात उंचावर एखाद्याच टप्प्यासाठी एडर न्यायचा असेल, तर शिडीपेक्षा एट्रिए परवडतो.

विकत घेताना काय बघायचं?

- पायरीचा आकार : ट्रेकिंगचा किंवा जाड तळव्याचा बूट घालून पाय सहज आत-बाहेर व्हायला हवा. अरुंद पायरीत बूट अडकला, तर ऐनवेळी पाय सोडवणं अवघड होतं.

- पायरीचा ताठपणा : नुसत्या वेबिंगची पायरी वजन पडल्यावर दोन्ही बाजूंनी पाय आवळते. तासाभरात तळवे दुखायला लागतात. म्हणून तळाशी जादा थर किंवा कडक पट्टी शिवलेली पायरी बघावी.

- पायऱ्यांची संख्या : बाजारात साधारण चार ते सहा पायऱ्यांचे एडर जास्त दिसतात. लांब भिंतीसाठी पाच किंवा सहा बऱ्या. लांब शिडी असली की खालच्या साधनावरून वरच्या शिडीत पाय टाकणं सोपं होतं. मात्र फार लांब झाली तर ती पायात येते.

- वरच्या पायऱ्या : पुढचं साधन जितकं उंच लावता येईल, तितकी एकूण साधनं कमी लागतात. त्यासाठी सर्वात वरच्या दोन पायऱ्या वापरता यायला हव्यात. त्या अगदी छोट्या किंवा मिटलेल्या असतील, तर शिडीची निम्मी किंमत वाया गेली.

- हाताची पकड : वरच्या टोकाला हात घालता येईल असा लूप हवा. अंग वर ओढायला आणि शिडी काढून घ्यायला तो लागतो.

- रंग : दोन शिड्या दोन रंगांच्या घ्याव्यात. कोणती कुठं अडकवली आहे, हे थकलेल्या डोळ्यांनाही लगेच कळतं.

शक्य असेल तर घेण्याआधी शिडी एखाद्या मजबूत तुळईला किंवा बारला टांगून, बूट आणि हार्नेस घालून चढून बघावी. जमिनीपासून दोन फुटांवर जी पायरी त्रास देते, ती कड्यावर जास्तच देणार.

सगळ्यात मोठा गैरसमज कोणता?

शिडीत उभं आहोत म्हणजे आपण सुरक्षित आहोत, हा.

शिडी फक्त उभं राहण्यासाठी असते. तिच्या पायऱ्या माणसाचं वजन पेलण्यासाठी शिवलेल्या असतात, पडणाऱ्या माणसाला झेलण्यासाठी नाही. साधन निसटलं तर शिडीही त्याच्यासोबत खाली येते. जीव वाचवतो तो हार्नेसला बांधलेला दोर, खाली बिले देणारा जोडीदार आणि आधी लावलेली साधनं.

म्हणूनच नव्या साधनावर थेट उभं राहत नाहीत. आधीच्या साधनाला अडकलेलं राहूनच नव्या शिडीत हळूहळू वजन टाकतात, मग थोडे हिसके देऊन बघतात. या वेळी डोक्यावर हेल्मेट हवं आणि तोंड बाजूला वळवलेलं हवं. साधन सुटलं तर ते थेट चेहऱ्यावर येतं.

दुसरी जपण्याची गोष्ट डेझी चेन. हार्नेसपासून शिडीपर्यंत जाणारी, कप्पे-कप्पे शिवलेली ही पट्टी शिडी खाली पडू देत नाही आणि लटकून विश्रांती घेऊ देते. पण ती दोरासारखी ताणत नाही. ढिली ठेवून तिच्यावर पडलं, तर थोड्याशा पडण्यानंही मोठा झटका बसतो. तिच्या मधल्या कप्प्यांची शिलाई पूर्ण पट्टीपेक्षा बरीच कमजोर असते. एकच कॅराबिनर टोकाच्या आणि मधल्या अशा दोन कप्प्यांत अडकवला आणि मधली शिलाई उसवली, तर कॅराबिनर सरळ मोकळा होतो. ही चूक दिसायला किरकोळ, पण जीवघेणी आहे.

मग सुरुवात कशी करायची?

दोन रुंद, ताठ पायऱ्यांच्या शिड्या, दोन डेझी चेन आणि एक अनुभवी लीडर. पहिला सराव बोल्ट लावलेल्या छोट्या भिंतीवर, वरून दोर लावून करावा. साधनावर विश्वास कधी ठेवायचा, हे तिथं जमिनीजवळच शिकून घेता येतं.

वापरून झाल्यावर शिडी उन्हात टाकून ठेवू नये. ऊन नायलॉनला हळूहळू कमजोर करतं. शिलाई उसवलेली, पट्टी घासून पातळ झालेली दिसली की ती बाद करायची. आणि वापरलेली शिडी स्वस्तात मिळते म्हणून घेताना तिचा इतिहास विचारायला लाजायचं नाही. कड्यावर त्या शिडीत पाय आपला असणार आहे.